गाडीचा सेल्फ आणि अल्टरनेटर : आधी तपासा, मग जुळवून घ्या



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेची व्हॅन सकाळच्या वेळी सुरू होत नव्हती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नववी-दहावीची मुले दप्तरे खाली ठेवून व्हॅनला धक्का मारत. मुलांना त्याची गंमत वाटे. पण भर पावसात, रहदारीच्या रस्त्यावर मुलांनी गाडी ढकलणे ही काही गमतीची गोष्ट नव्हे. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर ‘सेल्फ गेला’ असे निदान झाले. नवा सेल्फ बसवला. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार. ‘पीस खराब निघाला’ म्हणून दुसरा बसवला. तोही महिनाभरात कुरकुरू लागला. तेव्हा सरांनी मला फोन केला.

मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. पंचवीसहून अधिक वर्षे बेळगावात गाड्यांच्या इलेक्ट्रिकचे काम करतो. मी मीटर लावून पाहिले, तर दोष सेल्फमध्ये नव्हताच. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची जाळीदार पट्टी गंजून अर्धी तुटली होती. पट्टी बदलली आणि व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्या पट्टीची किंमत एका सेल्फच्या किमतीपुढे काहीच नव्हती. वाईट याचे वाटले की, व्हॅनचा मूळचा, चांगला सेल्फ पहिल्याच वेळी ‘जुना जमा’ म्हणून दुकानात गेला होता. तो काही परत आला नाही.

हा अनुभव फक्त शाळेचा नाही. घरोघरी चारचाकी आहे आणि घरोघरी हा प्रसंग कधी ना कधी येतो. म्हणून वार्तापत्रात यावर सविस्तर लिहा, असे बाईंनी सांगितले. त्याप्रमाणे हा लेख.

दोघांची कामे

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. अल्टरनेटर म्हणजे विद्युत जनित्र. दोघेही इंजिनाला चिकटून बसलेले असतात आणि दोघेही एकाच बॅटरीशी बांधलेले. पण कामे अगदी उलटी. सेल्फ बॅटरीतून वीज घेतो आणि इंजिन फिरवतो. अल्टरनेटर इंजिनाकडून फिरवून घेतो आणि बॅटरीला वीज परत देतो. एक खर्च करणारा, दुसरा कमावणारा.

मुलांनो, विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकता. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज वाहिली की तारेवर बल येते. सेल्फमध्ये हेच घडते. उलट, चुंबकीय क्षेत्र आणि तार यांच्यात हालचाल झाली की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले. अल्टरनेटरमध्ये हेच घडते.

पूर्वी गाड्यांना सेल्फ नव्हता. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. इंजिन उलटे फिरले की हँडल झटका देई आणि मनगट मोडण्याचे प्रकार होत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ आला आणि हा त्रास संपत गेला. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर गाड्यांना सेल्फ असूनही अडीअडचणीसाठी हँडल असे. आजोबांना विचारा, ते हात दाखवून सांगतील. त्या काळच्या गाड्यांत वीज तयार करायला डायनॅमो असे. पुढे त्याची जागा अल्टरनेटरने घेतली, कारण इंजिन हळू चालत असतानाही अल्टरनेटर चांगली वीज देतो.

सेल्फला प्रचंड ताकद लागते, पण ती काही सेकंदांसाठीच. त्याच्या टोकाला ९-१० दातांचे छोटे चाक असते आणि ते इंजिनाच्या मोठ्या दातेरी रिंगमध्ये अडकते. रिंगवर शंभराहून जास्त दात असतात. म्हणजे सेल्फ दहा-बारा फेरे फिरतो तेव्हा इंजिन एक फेरा फिरते. आता उलटा विचार करा. इंजिन सुरू होऊन मिनिटाला १००० फेरे घेऊ लागले आणि छोटे चाक अडकूनच राहिले, तर सेल्फला १०,००० ते १२,००० फेरे घ्यावे लागतील आणि त्याच्या चिंध्या होतील. तसे होऊ नये म्हणून त्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. आमच्या धंद्यात त्याला ‘बेंडिक्स’ म्हणतात. म्हणूनच गाडी सुरू झाल्याबरोबर चावी सोडायची आणि सुरू गाडीला पुन्हा सेल्फ मारायचा नाही.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर नाडी न पाहता ऑपरेशन करत नाहीत. सेल्फ किंवा अल्टरनेटर बदलण्यापूर्वी तेवढी तपासणी तरी झालीच पाहिजे. त्यासाठी एक साधा डिजिटल मीटर पुरतो. काही माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत तो असतो.

प्रथम कान वापरा. सेल्फ मारताना येणारा आवाज पुष्कळ काही सांगतो.

१) भरभर ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा आवाज येतो : बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिले. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, व्होल्टेज परत येते, तो पुन्हा ओढला जातो. म्हणून ही टकटक. यात सेल्फचा दोष क्वचितच असतो.

२) एकच जोराचा ‘टक्’ आणि मग शांतता : सोलेनॉइडचे आतले संपर्क जळलेले, कार्बन ब्रश झिजलेले किंवा मोठ्या केबलमध्ये दोष.

३) ‘घूंऽऽ’ असा मोकळा फिरण्याचा आवाज, पण इंजिन ढिम्म : बेंडिक्स घसरतो आहे.

४) ‘खर्रर्र’ असा दातांचा आवाज : छोट्या चाकाचे किंवा मोठ्या रिंगचे दात खराब. रिंग खराब असताना नुसता सेल्फ बदलला, तर नव्या सेल्फचेही दात जातात.

५) काहीच आवाज नाही : बॅटरी, फ्यूज, रिले, चावीचा स्विच, सोलेनॉइडची बारीक वायर, हे सगळे आधी पाहावे.

आता मीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सुरू करण्यापूर्वी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खाली म्हणजे बरीचशी रिकामी. बॅटरी भरलेली असताना सेल्फ मारा आणि मीटरकडे पाहा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज खातो आहे. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर आधी तिच्यावरच संशय घ्यावा.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच नेमकी टाळली जाते. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस टोकावर ठेवा आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर वाचायचा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या वर जाता कामा नये. मग लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पिन सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. तिथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. आपल्या व्हॅनच्या अर्थिंगवर दोन व्होल्टहून अधिक दिसत होते!

एवढ्याशा गंजाने इतका फरक कसा पडतो? दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. सेल्फ सुमारे २०० अँपिअर वीजधारा ओढतो, असे धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज म्हणजे धारा गुणिले रोध. गंजलेल्या जोडाचा रोध समजा फक्त ०.०१ ओहम. २०० × ०.०१ = २ व्होल्ट. म्हणजे बाराच्या बॅटरीतले दोन व्होल्ट गंजच खाऊन टाकतो. घरातल्या बल्बला असा शतांश ओहमचा रोध जाणवणारही नाही, कारण त्यातून धाराच कमी वाहते. सेल्फला मात्र तो लुळा करून टाकतो.

अल्टरनेटरची तपासणी त्याहून सोपी. गाडी सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून ठेवा आणि बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे सुरू करा. तरीही व्होल्टेज १३ च्या बरेच वर टिकले पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून खराब होईल. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा ढिला आहे का, मागची वायर ढिली आहे का, हे पाहावे. नंतर कार्बन ब्रश आणि डायोड. गाडी बंद असताना अल्टरनेटरमधला बिघडलेला डायोड रात्रभरात बॅटरी रिकामी करू शकतो, हेही लक्षात ठेवा. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. अशा गाडीचे निदान नुसत्या मीटरवर करू नये.

एक जुनी खोड सांगतो. ‘गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब,’ अशी परीक्षा काही मिस्त्री आजही घेतात. डायनॅमोच्या काळात ते खपून जाई. अल्टरनेटरच्या गाडीत वायर काढताक्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर व गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. तुमच्या गाडीवर कोणी असे करू लागले, तर नम्रपणे पण ठामपणे थांबवा.

बदलायचेच ठरले तर

तपासणीअंती दोष सेल्फ किंवा अल्टरनेटरमध्येच आहे असे ठरले, तर आपल्यापुढे पाच वाटा असतात.

पहिली वाट, आहे तोच दुरुस्त करणे. सेल्फमध्ये कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइड, बेंडिक्स. अल्टरनेटरमध्ये ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर आणि डायोडची प्लेट हे भाग वेगळे मिळतात. आर्मेचर, गुंडाळी आणि बाहेरची बॉडी चांगली असेल, तर ही वाट स्वस्त आणि बहुतेक वेळा उत्तम. मूळ कंपनीचा माल आपल्याच गाडीत राहतो, हा मोठा फायदा. गुंडाळी जळाली असेल किंवा आर्मेचर घासले असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट धरू नये.

दुसरी वाट, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला नवा पार्ट. सर्वांत महाग, पण जुळवणीची चिंता नाही.

तिसरी वाट, ज्या कारखान्याने मूळ पार्ट बनवला, त्याच्याच नावाच्या खोक्यातला नवा पार्ट. गाडी बनवणाऱ्या कंपन्या सेल्फ आणि अल्टरनेटर सहसा स्वतः बनवत नाहीत. चेन्नईची लुकास-टीव्हीएस, पूर्वी बॉशचा भाग असलेली एसईजी ऑटोमोटिव्ह, डेन्सो, व्हॅलिओ अशा कंपन्या ते बनवतात. जुन्या पार्टवरच्या पट्टीवर बनवणाऱ्याचे नाव आणि नंबर असतो. तोच नंबर अधिकृत विक्रेत्याकडे मिळाला, तर माझ्या मते बहुतेक कुटुंबांना हीच वाट सोयीची.

चौथी वाट, कारखान्यात पूर्ण खोलून, झिजणारे सगळे भाग बदलून, तपासून दिलेला पार्ट. वॉरंटी आणि तपासणीचे आकडे मिळत असतील तर हाही चांगला. नुसता रंग मारून ‘रिकंडिशन’ म्हणून विकलेला पार्ट मात्र घेऊ नये. कोणते भाग बदलले, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर पुढचे दुकान गाठा.

पाचवी वाट, भंगारातला किंवा बिननावाचा नकली पार्ट. भंगारातला पार्ट किती चालला आहे, हे कोणी सांगू शकत नाही. नकली पार्टात तांबे कमी, बेअरिंग हलके. दिसायला अगदी तसाच, किमतीला निम्मा आणि आयुष्याला कितीतरी कमी. मुले वाहून नेणाऱ्या गाडीत ही वाट नकोच.

जुळवणी कशी करावी

‘या मॉडेलला हाच लागतो’ असे दुकानदाराने सांगितले, तरी जुना आणि नवा पार्ट काउंटरवर शेजारी ठेवून पाहावा. त्यासाठी जुना पार्ट हाती येईपर्यंत जमा करू नये. व्हॅनच्या वेळी आपली चूक इथेच झाली.

सेल्फसाठी हे पाहा : व्होल्टेज (मोटारींना १२, मोठ्या ट्रक-बसना बहुधा २४), किलोवॅटमधली ताकद, छोट्या चाकाच्या दातांची संख्या, फिरण्याची दिशा, बोल्टच्या भोकांची जागा आणि वायर जोडण्याची टोके. लहान पेट्रोल गाडीला साधारण एक किलोवॅटच्या आसपासचा सेल्फ पुरतो. डिझेल इंजिनात हवा कितीतरी जास्त दाबावी लागते, म्हणून त्याला अधिक ताकदीचा, सुमारे दीड-दोन किलोवॅटचा सेल्फ लागतो. एक दात कमी-जास्त असलेला सेल्फ बसतो, एखाद्या वेळी गाडी सुरूही करतो, पण रिंगचे दात खाऊन टाकतो. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

अल्टरनेटरसाठी हे पाहा : अँपिअर, पुलीवरच्या खाचांची संख्या आणि पुलीचा व्यास, पुली पट्ट्याच्या सरळ रेषेत येते का, मागच्या प्लगमधल्या पिनांची संख्या, आणि पुली साधी आहे की क्लचची. पुली मोठी निघाली तर अल्टरनेटर हळू फिरतो आणि चार्जिंग कमी होते.

किती अँपिअरचा?

इथे मी स्वतःची चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे एक पेट्रोल गाडी आली. तिला नंतर एसी बसवून घेतला होता. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवावेत म्हणून मी बिनएसीच्या मॉडेलचा कमी अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. चार्जिंग व्यवस्थित दाखवत होते. ते कुटुंब गोव्याला गेले, दिवसभर एसी लावून फिरले आणि रात्री चोर्ला घाटातून परत निघाले. धो धो पाऊस, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळे सुरू. घाटातच दिवे पिवळे पडत गेले आणि गाडी बंद पडली. गाडीत एक आजी आणि दोन लहान मुले होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिवे लावून, थांबून मदत केली म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ माझ्याकडे आले. रागावले नाहीत, फक्त ‘आजी फार घाबरली होती रे’ एवढेच म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी कागदावर बेरीज केल्याशिवाय अल्टरनेटर देत नाही. एका लहान गाडीची पावसाळी रात्रीची अंदाजे बेरीज अशी : इंजिनाचा पंप, इग्निशन आणि कॉम्प्युटर १५० वॉट, दोन हेडलाइट ११०, मागचे व इतर छोटे दिवे ३०, वायपर ६०, ब्लोअर १५०, एसीचा क्लच ४०, रेडिएटरचा पंखा १८०, ब्रेकचे दिवे व इंडिकेटर ५०, रेडिओ आणि मोबाइल ३०. एकूण ८०० वॉट. चार्जिंगचे व्होल्टेज १४ धरले, तर ८०० भागिले १४, म्हणजे सुमारे ५७ अँपिअर. शिवाय बॅटरीही भरली पाहिजे. म्हणजे ३५ किंवा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर इथे तोकडा. ६५-७० चा हवा. उरलेली तूट बॅटरी भरून काढते आणि ती संपली की गाडी थांबते. पाटीवर लिहिलेले अँपिअर हे वेगात फिरतानाचे असतात. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत त्याहून बरेच कमी मिळतात, हेही ध्यानात घ्यावे.

‘जास्त अँपिअरचा बसवला तर बॅटरी जळेल का?’ असे पालक विचारतात. नाही. व्होल्टेज रेग्युलेटर सांभाळतो आणि धारा गरजेपुरतीच ओढली जाते. मात्र फार मोठा अल्टरनेटर बसवताना मुख्य वायर आणि फ्यूज त्याला पेलणारे आहेत ना, हे पाहावे लागते. म्हणून मूळच्या इतका किंवा किंचित जास्त, हे सोपे सूत्र. कमी मात्र कधीही नाही.

तीन ठिकाणी विशेष काळजी

एक, डिझेल गाडीचा व्हॅक्यूम पंप. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागेच एक छोटा पंप जोडलेला असतो. ब्रेक हलका लागावा म्हणून जी निर्वात पोकळी लागते, ती हा पंप तयार करतो. बिनपंपाचा किंवा भलत्याच गाडीचा अल्टरनेटर बसवला, पंपाची तेलाची नळी नीट जोडली नाही, तर चार्जिंग उत्तम राहील, पण ब्रेक दगडासारखा कडक होईल. इथे प्रश्न दिव्यांचा नाही, जिवाचा आहे. आपली व्हॅन याच प्रकारातली आहे.

दोन, सिग्नलला आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्या. त्यांचा सेल्फ दिवसातून कितीतरी वेळा काम करतो, म्हणून तो आणि बॅटरी दोन्ही अधिक दणकट असतात. साधा सेल्फ फार टिकणार नाही.

तीन, स्मार्ट हायब्रिड गाड्या. यांत पट्ट्यावर चालणारे एकच यंत्र अल्टरनेटरचेही काम करते आणि गाडी पुन्हा सुरू करण्याचेही. त्याच्या जागी साधा अल्टरनेटर चालत नाही. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तर इंजिनच नसते, त्यामुळे सेल्फही नाही आणि अल्टरनेटरही नाही.

बसवताना आणि बसवल्यावर

काम सुरू करताना बॅटरीचे मायनस टोक आधी काढावे आणि शेवटी जोडावे. हातातले कडे, अंगठी, घड्याळ बाजूला ठेवावे. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. बॅटरीजवळ काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. नवा अल्टरनेटर बसवण्यापूर्वी बॅटरी बाहेरून चार्जरवर भरून घ्यावी. पूर्ण रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे पहिल्याच दिवशी नव्या अल्टरनेटरवर टाकले, तर तो तापतो. पट्टा चिरलेला असेल तर त्याच वेळी बदलावा. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये; मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे.

बसवून झाल्यावर वर सांगितलेले आकडे पुन्हा मीटरवर पाहावेत आणि पक्क्या बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवावेत. वॉरंटीच्या वेळी तोंडी बोलण्यापेक्षा हे आकडे उपयोगी पडतात.

आपल्या व्हॅनचे काय झाले?

विश्वस्त मंडळाने मला विचारले, ‘आता पुढे काय करू या?’ आम्ही बसून असे ठरवले. सेल्फ मूळ बनवणाऱ्या कंपनीचा, नंबर जुळवून नवा घेतला, कारण तोपर्यंत बसवलेल्या नकली सेल्फचे दात झिजू लागले होते. अल्टरनेटरच्या बेअरिंगचा आवाज येत होता. स्वस्तात दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर मिळत होता, पण त्याचा व्हॅक्यूम पंप वेगळा होता. म्हणून तो नाकारला आणि आपल्याच अल्टरनेटरचे बेअरिंग, ब्रश व रेग्युलेटर बदलले. गुंडाळी आणि डायोड चांगले निघाले. अर्थिंगची पट्टी नवी घातली आणि टर्मिनलना व्हॅसलीन लावले.

विश्वस्तांना एक विनंती आहे. व्हॅनसाठी एक वही ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तीन आकडे लिहावेत : सकाळी बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि गाडी सुरू असतानाचे व्होल्टेज. ड्रायव्हरकाका सेल्फ मारतील आणि सरांच्या देखरेखीखाली दहावीची दोन मुले मीटर वाचतील. पाच मिनिटांचे काम आहे. आकडा हळूहळू घसरताना दिसला की गाडी बंद पडण्यापूर्वीच आपल्याला कळेल.

आणि पालकांना एवढेच सांगतो. गॅरेजमध्ये ‘सेल्फ गेला’, ‘अल्टरनेटर गेला’ असे कोणी म्हणाले, की घाईने खिशात हात घालू नका. ‘मीटरवर किती दाखवते?’ असे एकदा विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट मीटर तुमच्यापुढे धरतो.